आस्वांग कुठल्या कप्प्यात?

...आणि वर मला म्हणतात, "जेरामे, नव्या मुलांना या क्षेत्रातल्या संधींबद्दल चार शब्द सांग, जरा हसतमुखानं सांग!" हसतमुखानं! अहो डीन मॅडम, हेच माझं हसतमुख आहे, ग्रंथालयशास्त्र शिकून एवढंच उरलंय! बसा रे, बसा, मागचे पुढे या, पंखा इथेच आहे. आधी एक सांगा, खरं सांगायचं हं, डीन मॅडमकडे बघायचं नाही... नर्सिंगला नंबर लागला नाही म्हणून इथे कोण कोण आलंय? हात वर... अरे देवा! खाली करा, खाली करा, मॅडमना चक्कर येईल. लाजू नका, मीही तशीच आले होते. पण लिहून घ्या, या क्षेत्रात संधी मिळते ती मागाहून, आधी मिळतो एक प्रश्न, आणि तो जन्मभर पुरतो. "पुस्तकं लावायला चार वर्षं लागतात?"

गावच्या फिएस्ताला, जत्रेत मामा भेटतो, तोंडात भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी, ती गिळायचासुद्धा दम नाही. "काय शिकतेस गं?" म्हटलं ग्रंथालयशास्त्र. "म्हणजे?" म्हणजे लायब्रेरियन होणार. चावणं थांबलं! "पुस्तकं लावायला चार वर्षं लागतात?" दाताच्या डॉक्टरकडे गेले, माझं तोंड आ, त्याचे दोन्ही हात आत, आणि तेव्हा विचारतो! म्हणजे उत्तर कुणाला हवंच नसतं! चर्चमध्ये गेले, गुडघे टेकले, म्हटलं फादर, माझ्या मनात मामाबद्दल वाईट विचार आला, दाताच्या डॉक्टरबद्दल तर फारच वाईट आला. जाळीपलीकडून फादरनी शांतपणे ऐकलं, पापं माफ केली, आणि मी उठणार तेवढ्यात हळूच, "बाळ, एक विचारू का? पुस्तकं लावायला..." फादर! तुम्हीसुद्धा! तुम्ही मेणबत्त्या लावायला इतकी वर्षं शिकलात, मी काही म्हटलं? ...तर पुन्हा गुडघे टेकले, आणखी एक पाप वाढलं ना.

आणि घरी आमचे तातय. वडील हो. जीपनी, प्रवाशांची रंगीबेरंगी जीप चालवतात, आमचं गाव ते इलोइलो शहर. जीपनीच्या कपाळावर माझं नाव, लाल अक्षरांत, भोवती फुलं, दोन घोडे... आणि नावापुढे मोकळी जागा! का? तर मी जन्मले तेव्हाच रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं, पुढे 'नर्स' येणार आहे, जागा सोड! माझी चुलतबहीण लंडनला नर्स आहे, तिच्या बापाच्या जीपनीवर नर्स, लंडन, घड्याळाचा मनोरा, सगळं आलंय. आमच्या जीपनीवर जेरामे आणि पुढे नुसता पत्रा. पुढे बसलेली माणसं विचारतात, "मनोंग, अहो दादा, पोरीच्या नावापुढे काय यायचंय?" तातय हॉर्न वाजवतात. पुढे कोंबडी नाही, कुत्रं नाही, रस्ता मोकळा, तरी वाजवतात! माझ्या शिक्षणाचं नाव निघालं की तो हॉर्न. मला लागायचं हो ते. हसते आता, पण लागायचं.

बरं, शिकवतात काय इथे? उद्यापासून कळेलच. मॅडम एक पुस्तक समोर ठेवतात, 'स्पेनमधल्या घोड्यांच्या दातांचा इतिहास'. प्रत्येक विषयाला एक आकडा, एक कप्पा, सांगा, याला कुठला? इतिहास? दात? घोडे? स्पेन? वर्गात मारामारी! माझी मैत्रीण घोड्यांत म्हणाली, मी दातांत म्हणाले, आम्ही आठवडाभर बोललो नाही. नंतर नंतर तर बाजारात गेलात की मासेसुद्धा आकड्यांत दिसायला लागतात. कोळीण ओरडते, "घेणार आहेस की नुसती लावतेयस?" कारण मी तिचे बांगडे वेगळे करून ठेवलेले असतात! आणि हे सगळं झालं की शेवटच्या वर्षी प्रशिक्षण, ते पुरं झालं तर पदवी, पदवी मिळाली तर सरकारची परवाना परीक्षा. हो, परीक्षा असते! डॉक्टरला असते तशी! मामाला सांगितलं तर तो इतका हसला की कातडी घशात अडकली. मी पाणी दिलं. उशिरा दिलं.

तर प्रशिक्षणाला मी आमच्याच गावच्या लायब्ररीत. मेयरच्या कचेरीच्या डोक्यावर, जन्ममृत्यूच्या दप्तराशेजारी. ग्रंथपाल मिसेस सोलिनाप, निवृत्तीला टेकलेल्या, जगात कुणी "शांतता!" इतक्या मोठ्यानं ओरडत नसेल, खालचा मेयरसुद्धा दचकतो. पहिल्या दिवशी म्हणाल्या, वाचकांची कार्डं आडनावानं लाव. लावली! भराभर लावली! सगळी एका खणात. आमच्या गावात सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात हो! स्पॅनिश अमदानीत कुण्या साहेबानं गावागावांना अक्षरं वाटली, आमच्या वाट्याला आला 'स'. मी सुमागायसाय, त्या सोलिनाप, मेयर सेगोव्हिया, नगरसेवक सुम्बिल्यो. एक खण फुटेस्तोवर भरलेला, बाकीचे रिकामे, आणि त्या रिकाम्यांत मिसेस सोलिनाप केळीच्या पानातले सुमान ठेवतात. गोड भात ना तो, मुंग्या येतात, म्हणून रोज खण बदलायचा. म्हणजे शास्त्र वापरतात बाई, नाही असं नाही.

आणि तिथे आलं ते पुस्तक. गावचे सोरोंगोन मास्तर, निवृत्त झाले, घरोघरी फिरले, म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून गावातल्या आस्वांगांच्या, दिवसा माणूस आणि रात्री माणसं खाणारं भूत, त्यांच्या सगळ्या हकिगती लिहून काढल्या, छापल्या, एक प्रत लायब्ररीला दिली आणि मुलीकडे कॅनडाला निघून गेले. शहाणा माणूस! मिसेस सोलिनाप म्हणाल्या, "इंदाय," म्हणजे पोरी, "याला कप्पा तू दे." मला! पहिलं पुस्तक! मी रात्रंदिवस विचार केला, आकडा काढला, लोककथा. चिकटवली पट्टी पाठीवर, बोटानं दाबली, दोनदा दाबली. आईशप्पथ, मला वाटलं मीच लिहिलंय ते.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर काठीचा आवाज. लोला पासिंग! गावची लोला, म्हणजे आजी, आणि सुईण, गावातल्या निम्म्या लोकांच्या बेंबीला तिचा हात लागलेला, खुद्द मेयरच्या. "इंदाय, तिसऱ्या प्रकरणात मी आहे. कुठं ठेवलंय मला?" मी कौतुकानं दाखवलं. तिनं शेजारची पुस्तकं बघितली, बोलणारी माकडं, रडणारी मगर, चंद्रावर चढलेला खेकडा... आणि काठी आपटली! "मी माकडांत? म्हणजे मी थापा मारते? माझ्या धाकटीच्या वेळी माझ्या छपरावर बसलं होतं ते! दिवसा शेजारीण, रात्री पंख! जीभ दोऱ्यासारखी खाली सोडली, माझ्या पोटापर्यंत, मी कोयता घेऊन उभी राहिले, नऊ महिन्यांची बाई, आणि तू मला माकडांत बसवतेस? हा इतिहास आहे! इतिहासात ठेव!" म्हटलं लोला, शास्त्राप्रमाणे... "तुझी नाळ कुणी कापली?" आता याला शास्त्रात उत्तर आहे का? मॅडम, आहे?

ती गेली, नगरसेवक सुम्बिल्यो आले. घामाघूम. "पाचव्या प्रकरणातली आस्वांग माझी पणजी आहे. लोला पासिंग म्हणते पुस्तक इतिहासात जाणार. इतिहासात गेलं तर मी कोर्टात जाईन!" म्हटलं साहेब, ते लोककथांत आहे. "लोककथा? म्हणजे लोकांत बोलतात असं? तरी कोर्टात जाईन!" मग त्यांनी गावभर सांगितलं, लोला पासिंगनं गावभर सांगितलं, गावात दोन पक्ष. पावाच्या दुकानात इतिहासवाले एकीकडे, लोककथावाले एकीकडे, आणि फादरनी तर प्रवचनात सांगून टाकलं की ते सैतानाच्या कप्प्यात जायला हवं. सैतानाचा कप्पा! तेवढा आमच्यात आहे, पण त्यांना कशाला सांगू?

आणि मला खालून बोलावणं आलं. मेयर सेगोव्हिया. समोर दोन पंखे, दोन्ही त्यांच्याकडे तोंड करून. "बघ इंदाय, मी काय म्हणतो. निवडणूक आलीय. इकडचीही मतं आहेत, तिकडचीही आहेत. तू असं कर, ते पुस्तक स्वयंपाकात ठेव." मला वाटलं उन्हाचं मला ऐकू येत नाहीये. कुठे साहेब? "स्वयंपाकाच्या पुस्तकांत गं! आपल्या गावात ती कोण वाचतं? प्रत्येकाची आई जगातली सर्वांत सुगरण! त्या कप्प्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तिथे ठेव, कुणाला दिसणार नाही, मिटलं!" म्हटलं साहेब, चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच. "मग हरवू दे!" म्हटलं नाही. "काय?" नाही ठेवणार. मेयरनी एक पंखा बंद केला. तुम्हाला सांगते, मेयर पंखा बंद करतो तेव्हा समजायचं. "इंदाय, तुझ्या प्रशिक्षणाच्या कागदावर शेवटी सही कुणाची लागते?"

त्यांची! सही नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर परवाना नाही, चार वर्षं पाण्यात, आणि जीपनीवर नुसता पत्रा! वर गेले, मिसेस सोलिनापना म्हटलं, काय करू? त्यांनी सुमानचं पान सोललं, एक घास खाल्ला, म्हणाल्या, "आकडा बरोबर आहे." बस! एवढंच! पुन्हा सुमान! म्हटलं, बाई, धीराचे दोन शब्द? "शांतता!"

घरी सांगितलं. तातय ताटावरून उठले. "ठेव ना मग स्वयंपाकात! पुस्तकच ते! सही घे, पदवी घे, मग ते समुद्रात फेक! एका पुस्तकापायी? पुस्तकं लावायला चार वर्षं लागतात?" आणि हे मामानं म्हटलं तर मी पाणी उशिरा देते, डॉक्टरनं म्हटलं तर चावते, पण तातय म्हणाले ना... मला रडू आलं. सरळ सांगते, रडले. आणि रडता रडता ओरडले, "हो, लागतात! लागतात तातय! कुठेही कोंबायला काही लागत नाही, ते मेयरलासुद्धा येतं! जिथे शोधणारा जाईल तिथे ठेवायला लागतात!" आईनं माझ्याकडे बघितलं, तातयकडे बघितलं, आणि दोघांनाही भात वाढला.

मग नगरपरिषदेची सभा. विषय खरं तर गटारांचा होता. पण गटारांना कोण येतं? अख्खा गाव आला, लायब्ररीसाठी! त्या लायब्ररीत आयुष्यात पाय न ठेवलेला अख्खा गाव! मामा पुढच्या रांगेत. लोला पासिंगच्या मांडीवर काठी. आणि सगळ्यात मागे, दाराशी, जीपनीची किल्ली बोटात फिरवत तातय. मेयर उठले, गोड हसले, "पुस्तकाचा प्रश्न मिटलाय, ते योग्य जागी जातंय, आता आपण गटारांकडे वळू." लोला पासिंग उठली. "योग्य म्हणजे कुठं?" मेयर म्हणाले योग्य म्हणजे योग्य. सुम्बिल्यो उठले, "म्हणजे कुठं?" मेयरनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगत होते, इंदाय, सही! आणि मला तो मोकळा पत्रा दिसत होता, तुम्हाला सांगते, घोड्यांसकट. तरी उठले. म्हटलं, मेयरसाहेब सांगतात, स्वयंपाकात.

 मग एकदम, "स्वयंपाकात?" लोला पासिंग किंचाळली, "माझ्या पोटातल्या पोरीवर जीभ टाकणारी, ती स्वयंपाकात? कलेजी कशी करायची ते शिकवणार का आता?" आणि सुम्बिल्यो, तिचा हाडवैरी, तिच्याहून मोठ्यानं, "माझी पणजी पाककृतींत? बाहेरगावची माणसं काय म्हणतील? सुम्बिल्योंकडे माणसं मसाला लावून खातात?" मेयर म्हणाले, अहो, मला म्हणायचं होतं... "गप रे!" लोला म्हणाली, "तुझी नाळ कुणी कापली?" मेयर खाली बसले. तो प्रश्न त्यांनाही लागू होतो ना!

मग बसल्या बसल्या भडकले माझ्यावर. "एक पोर सगळ्या गावाला शिकवते! अगं, पुस्तकं लावायला चार वर्षं लागतात?" आणि माझ्या डोक्यात काय गेलं देव जाणे. म्हटलं, लागतात! वर परीक्षा लागते, वर परवाना लागतो! साहेब, तुमचा परवाना कुठाय? विनापरवाना पुस्तक लावता? विनापरवाना कुणी कुणाचं पोट कापलं तर चालेल का? मेयर म्हणाले, "तुझा कुठाय?" ...हं. हे खरं होतं. म्हटलं, माझाही नाही! तुम्ही सही केलीत तर मिळेल! गावानं टाळ्या वाजवल्या. मामानंसुद्धा! आणि मागून एकच हॉर्न वाजला. सभागृहात हॉर्न कुठून आला म्हणाल तर दाराशी जीपनी उभी होती. तातयनी खिडकीतून हात घालून वाजवला होता. कशासाठी, ते विचारलं नाही मी.

मग मी सांगितलं सगळ्यांना. पुस्तक एकच, जागा एकच, लोककथा. लोककथा म्हणजे खोटं नव्हे, लोक जे सांगतात ते. खरं की खोटं हे कप्पा सांगत नाही, कप्पा फक्त पुस्तक शोधून देतो. पण पुस्तक शोधायची विषयवार कार्डं हवी तितकी करता येतात! इतिहासाच्या खणात कार्ड, 'लोककथांतही पाहा'. बाळंतपणाच्या खणात कार्ड, 'लोककथांतही पाहा', त्यावर लोला पासिंगचं नाव. "टाईप करून?" लोलानं विचारलं. टाईप करून. "मग चालेल." फादरना सैतानाच्या खणात एक. फादर खूश! सुम्बिल्यो तेवढे उभेच. म्हटलं साहेब, तुमची नेमकी तक्रार काय? पणजीला आस्वांग म्हटलंय ही? "छे!" ते इकडे तिकडे बघत म्हणाले, "ते काय, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण मास्तरांनी लिहिलंय की ती छपरावरून घसरून पडली! आमच्या घराण्यात आजवर कुणी पडलेलं नाही!" "पडलीच होती!" लोला म्हणाली, "मी आवाज ऐकला!" म्हटलं साहेब, तुमची हकिगत तुम्ही लिहा, मी तिलाही कप्पा देते, ह्याच पुस्तकाला चिकटून, शेजारी. लिहिली हो त्यांनी! वाचा तुम्ही. त्यात पणजी तीन गावं ओलांडून जाते आणि एकदाही पडत नाही.

मेयरनी सही केली. इतक्या जोरात केली की कागद फाटला, मी चिकटवून आणून दिला, विचारा डीन मॅडमना. पदवी झाली, परवाना परीक्षा झाली, मिसेस सोलिनाप निवृत्त झाल्या, आणि आता त्या लायब्ररीत "शांतता!" मी ओरडते. ही घ्या तुमची संधी! सुमानचे खण मी तसेच ठेवलेत, त्या दर आठवड्याला येतात, परंपरा मोडायची नाही.

आणि तातयनी रंगारी बोलावला. पण जागा सोडली होती नर्सपुरती. लायब्रेरियन त्यात कसं मावणार? जेरामे, घोडा, 'लायब्रे', आणि उरलेलं वळून दरवाज्यावर. दार उघडलं की मी अर्धीच शिकलेली दिसते. तरी आता कुणी विचारलं की हॉर्न वाजत नाही, तातय गाडी बाजूला घेऊन सांगतात. लोकांना उशीर होतो.

...झालंच मॅडम, घड्याळ दाखवू नका, शेवटचं सांगते. गेल्या महिन्यात सकाळी बघते तर ते पुस्तक जागेवर नाही! उसनं दिलेलं नाही, टेबलावर नाही, मी सगळे कप्पे पालथे घातले, आणि सापडलं कुठे? स्वयंपाकात! गोड पदार्थांच्या शेजारी! तशीच खाली गेले, मेयरचे दोन्ही पंखे बंद केले, म्हटलं लाज नाही वाटत? त्या माणसानं आईची शपथ घेतली, मी नाही गं इंदाय, मी आता त्या जिन्याकडे बघतसुद्धा नाही! लोला पासिंगला विचारलं, सुम्बिल्योंना विचारलं, फादरना विचारलं, कुणी कबूल होईना. घरी आले, जेवायला बसले, माझा नुसता तोंडाचा पट्टा चालू, कुणी केलं असेल, कुणाची हिंमत झाली, आणि तातय सुका मासा सोलता सोलता, मान वर न करता म्हणाले, "मी."

तुम्ही? तुम्ही लायब्ररीत? "काल दुपारी स्टँडवर गाडी भरेना. म्हटलं बघावं पोरीचं काय असतं ते. तू जेवायला गेली होतीस. कार्ड बघितलं, कार्डानं सांगितलं तिथे गेलो, सापडलं. बसून वाचलं. सगळं." ...सगळं वाचलं हो! ज्या माणसानं आयुष्यात पुढच्या गाडीच्या पाट्यांशिवाय काही वाचलं नाही!  "चांगलं आहे," म्हणाले, "ती पडली असणारच. मग म्हटलं, तुला आणखी काम कशाला, मोकळी जागा बघितली आणि दिलं लावून." आणि इतक्या प्रेमानं, इतक्या अभिमानानं माझ्याकडे बघून म्हणाले, "पुस्तकं लावायला काय चार वर्षं लागतात?"

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार? अख्खी नगरपरिषद अंगावर घेतली मी त्या कप्प्यासाठी! म्हटलं, नाही लागत तातय. भात घ्या.